थ्रिलर माणसांनी वाजवला. आमच्या वादकांचीही नावे छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ या अल्बमवर लेख आला होता. सीमाभागातल्या मराठी दैनिकाने या विषयाला अर्धे पान दिले याचा मला मनापासून आनंद झाला. अल्बमचा खप, पुरस्कार आणि जॅक्सनचा नाच यांविषयी लेखकाने जे लिहिले आहे ते वाचनीय आहे. पण या अल्बमपासून संगीतात माणसाची जागा यंत्राने घेतली, बटण दाबले की ठेका तयार आणि बासही (खालच्या सुरांची साथ) तयार, असेही त्यात म्हटले आहे. ते खरे नाही. त्यावर लिहिल्याशिवाय मला राहवले नाही, कारण हेच वाक्य आमच्या भागातले वादक बारा महिने ऐकून घेतात. लग्नाच्या मांडवात कुणीतरी जवळ येतो, की-बोर्डवाल्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, “तुमचं काय, सगळं मशीनच करतंय की.”

मी बेळगावच्या शहापुरात पेटी, की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचे विजेचे ठेक्याचे वाद्य) दुरुस्त करतो. वडील फक्त पेटीचे काम करायचे. सूर लावणे, भात्याची गळती काढणे, मोडलेली पट्टी बदलणे. ऐंशीच्या दशकात आखातातून सुट्टीवर येणारे लोक कॅसिओ आणू लागले आणि आमच्या टेबलावर पेटीच्या शेजारी प्लॅस्टिकची वाद्ये दिसू लागली. तेव्हापासून माझे हेच काम. निपाणी-संकेश्वरकडची बेंजो पथके, खानापूर तालुक्यातली भजनी मंडळे, शहरातले ऑर्केस्ट्रा, कॅम्पातल्या चर्चमध्ये वाजवणारे, सगळ्यांची वाद्ये माझ्याकडे येतात. गिऱ्हाईक मराठी बोलो, कन्नड बोलो, उर्दू बोलो नाहीतर कोकणी.

गणेश विसर्जनानंतर आलेला की-बोर्ड उघडला की आत गुलाल असतो. पावसात भिजून चिकट झालेला. पट्ट्यांच्या खाली रबराची लांब पट्टी असते आणि तिच्यावर कार्बनचे काळे ठिपके. पट्टी दाबली की ठिपका खालच्या सर्किटला टेकतो आणि सूर लागतो. जरा बऱ्या की-बोर्डात एका पट्टीखाली असे दोन ठिपके असतात. पहिला टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून बोट हळू पडले की जोरात हे वाद्याला कळते. हे ठिपके सगळीकडे सारखे झिजत नाहीत. बेंजो पथकातल्या की-बोर्डाची वरची सप्तके आधी जातात, कारण मिरवणुकीत ताशाच्या वर सूर निघावा लागतो. भजनी मंडळाच्या की-बोर्डात बुवांच्या पट्टीतले सा आणि पंचम आधी जातात. डाव्या हाताने नेटाने कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरणारा वादक असेल तर खालची बाजू झिजते, आणि खालची बाजू नवी कोरी असेल तर वाजवणारा एकाच हाताने निभावतो आहे हे मी न विचारता ओळखतो. रबर काढून उजेडात धरले की वाजवणाऱ्याचा हात दिसतो. सगळे मशीनच करते असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा दुकानी येऊन हे रबर बघावे, चहा माझ्याकडून.

आता ‘थ्रिलर’विषयी. हा अल्बम १९८२ मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर या काळात लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. क्विन्सी जोन्स निर्माते होते आणि ब्रूस स्वीडीन ध्वनिमुद्रक. त्या वर्षी मिडी, म्हणजे विजेची वाद्ये एकमेकांना जोडण्याची सोय, नव्हती, ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. आज बेंजो पथकातला पोरगासुद्धा दोन की-बोर्ड एका वायरने जोडतो, एकावर वाजवतो आणि दोन्हींतून आवाज काढतो. ती सोय लोकांसमोर आली १९८३ च्या जानेवारीत, म्हणजे ‘थ्रिलर’ दुकानात पोहोचल्यानंतर. त्याआधी एका कंपनीचा सिंथ (सिंथेसायझर, विजेने आवाज घडवणारे वाद्य) दुसऱ्या कंपनीच्या सिंथशी सहजासहजी जुळत नसे. दोन वाद्यांचा मिळून एक आवाज हवा असेल तर साधा मार्ग एकच होता: आधी एक वाजवून टेपवर घ्यायचे, मग तोच तुकडा दुसऱ्या वाद्यावर पुन्हा वाजवून त्याच्यावर चढवायचा. दोन्ही वेळा लय तीच आणि बोटांचे वजनही तेच राहिले पाहिजे. ऐंशीच्या दशकातल्या पॉप गाण्यांत पुढे जिकडेतिकडे ऐकू येऊ लागलेला यामाहा डीएक्स-७ हा सिंथही १९८३ चा आहे, तेव्हा तो या अल्बममध्ये असण्याचा प्रश्नच येत नाही.

ठेक्याचे यंत्र या अल्बममध्ये आहे, ते मी नाकारत नाही. शीर्षकगीताचा ठेका लिन एलएम-१ या यंत्राचा आहे. रॉजर लिन यांनी ते १९८० मध्ये बाजारात आणले. त्याआधीच्या ठेक्याच्या यंत्रांत ड्रमचा आवाज विजेच्या सर्किटमधून तयार केलेला असे, म्हणून तो टिकटिक वाजल्यासारखा वाटे. लिन यांनी खऱ्या ड्रमचे आवाज चिपमध्ये भरले. किंमत पाच हजार डॉलरच्या घरात होती आणि पाचशेच्या आसपासच यंत्रे तयार झाली. त्यात लांब घुमणारी मोठी झांज नव्हती. झांजेचा नाद लांबतो, तो साठवायला मेमरी जास्त लागते आणि तेव्हा मेमरीची किंमत परवडण्यासारखी नव्हती. म्हणजे ज्या यंत्राने माणसाची जागा घेतली असे आपण म्हणतो त्याच्याजवळ मोठी झांज नव्हती, आणि जो ठेका होता तोही माणसाने बसून एकेक ठोका भरल्यावरच चालायचा. शिवाय त्याच शीर्षकगीतातले ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन हे फुंकून वाजवलेले आहेत. जेरी हे यांच्या चमूने ते वाजवले.

‘बिली जीन’ या गाण्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण लेखात यंत्राचे उदाहरण म्हणून नेमके तेच दिले आहे. गाणे काळी तीन पट्टीचे. सुरुवातीचा जो ठेका सगळ्या जगाला पाठ आहे, तो आधी यंत्रावर बांधलेला होता आणि मग त्याच्याबरोबर लिऑन ‘एनडुगू’ चान्सलर या ड्रमवादकाने प्रत्यक्ष ड्रम वाजवले. स्वीडीन यांनी त्यासाठी प्लायवूडचा वेगळा चौथरा करून घेतला होता. मोठ्या ड्रमच्या तोंडावर घालायला खास कापडी खोळ शिवून घेतली आणि तिच्यातून माइक आत सोडला. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) यांच्यामध्ये लाकडाची सपाट फळी उभी केली, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये घुसणार नाही. या गाण्याच्या ड्रमला स्वतःचे व्यक्तिमत्त्व हवे, दोन-चार ठोक्यांतच गाणे ओळखू आले पाहिजे, अशी क्विन्सी जोन्स यांची अपेक्षा होती. बटण दाबून तयार होणाऱ्या ठेक्यासाठी कुणी सुतारकाम करत बसत नाही.

बास वाजवला लुई जॉन्सन यांनी. त्यांच्याकडच्या वेगवेगळ्या बास गिटारी जॅक्सनने एकामागून एक ऐकल्या आणि त्यांतली यामाहा निवडली. तिच्या खाली सिंथवरचा बास मिसळलेला आहे. कान देऊन ऐकले तर बोटाने तार छेडल्याचा कडक अंश आणि खालचा सपाट, घट्ट खर्ज असे दोन्ही सापडतात. कॉर्ड यामाहा सीएस-८० या सिंथवरचे. हे वाद्य मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, पण त्याची रचना जेवढी समजून घेता आली तेवढी घेतली आहे. वजन शंभर किलोच्या आसपास, उचलायला तीन-चार गडी लागावेत असे धूड. एका वेळी आठ सूर बोलतात. आणि खरी करामत पट्ट्यांमध्ये आहे. पट्टी खाली गेल्यावरही बोटाचा दाब वाढवला तर त्या एकाच सुरात फरक पडतो, बाकीचे सूर आहेत तसे राहतात. म्हणजे तीन सुरांचा कॉर्ड धरून ठेवायचा आणि त्यातला मधला गंधार फक्त थोडा उजळायचा, हे त्यावर जमते. पट्ट्यांच्या वर एक लांब फीत आहे, तिच्यावर बोट सरकवले की सूर घसरत जातो. पेटीवाल्याला जन्मभर जी मींड मिळाली नाही ती या जपानी यंत्रात आहे. असले वाद्य आपोआप वाजत नाही. ज्याचे बोट तयार नाही त्याच्या हाती ते दिले तर साध्या ऑर्गनसारखे वाजेल.

त्याच गाण्यात मध्येच बासरी आणि सॅक्सोफोन यांच्यामधला वाटावा असा एक बारीक सूर येतो. ते लिरिकॉन नावाचे वाद्य, टॉम स्कॉट यांनी वाजवलेले. फुंकून वाजवायचा सिंथ. आवाज विजेचा आणि श्वास माणसाचा. आणखी खाली व्हायोलिनांचा ताफा आहे. जॅक्सनने एक ओळ पुठ्ठ्याच्या लांब नळीतून गायली आहे. एवढे सगळे टेपवर आल्यावर स्वीडीन यांनी या एका गाण्याचे मिश्रण, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ, ९१ वेळा केले, आणि शेवटी क्विन्सी जोन्स यांच्या आग्रहाने दुसऱ्या क्रमांकाचे मिश्रण अल्बममध्ये गेले. यंत्रच सगळे करत असते तर एकदा केले काय आणि ९१ वेळा केले काय, सारखेच निघाले असते.

‘बीट इट’च्या सुरुवातीला घंटेसारखे जे गंभीर टोल पडतात ते सिंक्लाव्हियर या संगणकी सिंथचे. तिथे लेखकाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. तो आवाज यंत्राबरोबर आलेला होता. त्या यंत्राच्या जाहिरातीसाठी काढलेल्या नमुन्याच्या रेकॉर्डवर तो आधीच वाजला होता. आयता आवाज घेतला हे खरे. पण त्याच गाण्यात पुढे एडी व्हॅन हेलन यांची गिटार आहे, जेफ पोर्कारो यांचे ड्रम आहेत, आणि मायकल जॅक्सन स्वतः ड्रमची रिकामी पेटी बडवतो आहे. अल्बमवर तसे छापले आहे, ड्रमच्या पेटीवर ठोके देणारा म्हणून. पहिल्या गाण्यात तर पायाने बडवायची फळी आहे. जॅक्सनसह तिघांनी ती वाजवली आणि तिघांची नावे छापली आहेत.

मला या अल्बममधले सगळ्यांत आवडते वाद्य मात्र वेगळेच आहे. ‘पी.वाय.टी.’ या गाण्यात गायक जेम्स इंग्रॅम यांनी यामाहाचा पोर्टासाउंड वाजवला आहे. पोर्टासाउंड म्हणजे घरात मुलांना खेळायला घेऊन देतात तसला छोटा, बारीक पट्ट्यांचा, बॅटरीवर चालणारा की-बोर्ड. आपल्याकडे आखातातून आले ते हेच, यामाहाचे नाहीतर कॅसिओचे. लाखो डॉलर खर्चाच्या त्या अल्बममध्ये, शंभर किलोच्या सीएस-८० च्या शेजारी, आपल्या कपाटावर धूळ खात पडलेल्या वाद्याचा भाऊबंद वाजला आहे, आणि कागदावर त्याचे नाव आहे. गिऱ्हाईक जेव्हा जुना छोटा कॅसिओ घेऊन येतो आणि “याचं काय होणार आता, भंगारात देऊ काय?” असे विचारतो, तेव्हा मी त्याला जेम्स इंग्रॅम यांची गोष्ट सांगतो. काही जण तरी तो दुरुस्त करून नेतात.

अल्बम जवळजवळ पूर्ण झाल्यावरची हकीकतही सांगण्यासारखी आहे. सगळ्यांनी बसून ऐकला आणि आवाज बारीक लागला. कारण एलपीच्या खाचांत होते. रेकॉर्डच्या एका बाजूवर संगीत जितके जास्त भराल तितक्या खाचा अरुंद आणि दाटीने कोराव्या लागतात. मग आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि पहिला मार खर्जाला बसतो. मोठ्या ड्रमचा ठोका आणि बास हेच ज्या गाण्यांचे प्राण, त्यांचा खर्ज गेल्यावर उरते काय? तेव्हा गाणी छोटी केली, एका गाण्यातले कडवे काढले आणि एकेक गाणे पुन्हा नव्याने मिसळले. हातात आलेले काम बाजूला ठेवून पुन्हा करायला बसण्याची ही तयारी मला त्या सिंथांपेक्षा मोठी वाटते.

यंत्र म्हणून हिणवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. पेटीचे काय झाले? परदेशी वाद्य, सूर ठोकळेबाज, मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बाहेर काढले आणि १९७१ पर्यंत ती बंदी चालली. त्याच पेटीवर या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्य वाहिले, मोठमोठ्या गवयांची साथ केली, पिढ्या शिकवल्या. आज बेळगावात कुणी पेटीला यंत्र म्हणून नाके मुरडील काय? माझे वडील सांगायचे, पेटीचा भाता कुणाच्या हाती आहे ते भिंतीपलीकडून कळते. की-बोर्डाला भाता नाही, पण ज्याला कान आहेत त्याला तिथेही कळते.

खानापूरकडचा एक वादक माझ्याकडे येतो. त्याच्या की-बोर्डात सनईचा जो आवाज होता तो त्याला पटत नव्हता. नाकातून बोलल्यासारखा यायचा. त्याने ओबो या सनईसारख्या पाश्चात्त्य वाद्याचा आवाज घेतला, त्याची वरची धार थोडी कापली, सूर लागायच्या सुरुवातीला किंचित चढ ठेवला आणि कंप पट्टीवर न ठेवता डाव्या हाताच्या दांडीवर आणला, म्हणजे हवा तिथेच येईल. हे तो रात्र-रात्र बसून करत होता. एकदा त्याच्या की-बोर्डातली बॅटरी संपली आणि साठवलेले सगळे आवाज गेले. फ्लॉपीवर एक प्रत ठेवली होती म्हणून वाचला. फ्लॉपी बुरशी लागलेली होती. ती साफ करून एकदाची वाचली गेली तेव्हा तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. लग्नात त्याची ती सनई वाजते तेव्हा मांडवातली निम्मी माणसे मागे वळून सनईवाला शोधतात. त्याचे नाव आजवर एकाही बातमीत आलेले नाही.

मला खरे तर हेच लिहायचे होते. ‘थ्रिलर’ची एलपी मी पहिल्यांदा हातात घेतली ती एका मित्राच्या घरी. गाणी ऐकून झाल्यावर आतले पाकीट घेऊन बसलो. प्रत्येक गाण्याखाली वादकांची यादी. सिंथ कुणी वाजवला, सिंथमध्ये आवाज कुणी बसवला, बास कुणाचा, गिटार कुणाची, टाळ्या कुणी वाजवल्या, फळी कुणी बडवली. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमने टाळ्या वाजवणाऱ्यांचीही नावे छापली. ग्रेग फिलिंगेन्स, स्टीव्ह पोर्कारो, मायकल बॉडिकर, डेव्हिड पेच हे लोक कोण, हे मला त्या पाकिटावरून कळले. छापले नसते तर आज मीही म्हटले असते की मशीनने वाजवले.

नावे छापली नाहीत की काय होते याचे आपल्याच देशातले उदाहरण आहे. ज्या १९८२ मध्ये ‘थ्रिलर’ तयार झाला त्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडचा ज्युपिटर-८ हा सिंथ, टीबी-३०३ हे बासचे यंत्र आणि टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि त्याची एलपी निघाली. ते हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारे वादक. त्यांनी वाजवलेली गाणी घरोघरी पोहोचली, पण पडद्यावर नाव आले संगीतकाराचे आणि गायकाचे. त्या एलपीकडे तेव्हा कुणी फारसे पाहिले नाही. परदेशी संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे लोक त्यांना शोधत आले. २०१५ मध्ये ते गेले. मधली पाच वर्षे तरी त्यांना मिळाली एवढेच समाधान. ज्यांची एलपीसुद्धा नाही त्यांना पुढे कोण शोधणार?

आपल्या दैनिकात सीमाभागातल्या कार्यक्रमांच्या बातम्या मोठ्या आस्थेने येतात, त्याबद्दल मी ऋणी आहे. बेळगावात काय झाले आणि निपाणीत काय झाले ते आम्हाला इथेच वाचायला मिळते. या बातम्यांत प्रमुख पाहुणे असतात, दीपप्रज्वलन करणारे असतात, प्रतिमापूजन करणारे, स्वागत करणारे, सूत्रसंचालन करणारे, आभार मानणारे असतात. शास्त्रीय मैफल असेल तर तबला आणि पेटी कुणाची होती तेही येते. पण ऑर्केस्ट्रा असला, सुगम संगीत असले, भक्तिगीतांचा कार्यक्रम असला की शेवटी एकच ओळ येते, वाद्यवृंदाची साथ लाभली. त्या एका ओळीत की-बोर्डवाला, ऑक्टोपॅडवाला, ढोलकीवाला, बासवाला, सगळे संपले. तीन-तीन तास तीच माणसे मराठी गाणे झाले की कन्नड, कन्नड झाले की हिंदी, गायकाची पट्टी ऐनवेळी अर्ध्या सुराने खाली आली तर तीही सांभाळून वाजवत असतात. हे मी केवळ आपल्या दैनिकाबद्दल म्हणत नाही. कन्नड दैनिकांतही असेच होते, आणि तिथल्या एका बातमीदाराशी मी याविषयी बोललोही आहे.

जागेची अडचण मला समजते. चार वादक असतील तर चार नावे आणि चार वाद्ये, म्हणजे दोन ओळी. बातमीदारांना त्यासाठी रंगमंचामागे जाऊन नावे गोळा करत बसावे लागू नये, यासाठी आमच्याकडून एक सोय करता येईल. कार्यक्रमाआधी वाद्ये तपासायला बहुतेक जण माझ्याकडे येतातच. वादकांची नावे आणि त्यांची वाद्ये एका चिठ्ठीवर लिहून संयोजकांच्या प्रसिद्धीपत्रकाला जोडायची, असे मी शहरातल्या ऑर्केस्ट्रांना आणि बेंजो पथकांना सांगायला सुरुवात केली आहे. काही मंडळींनी होकार दिला आहे. संयोजकांनाही माझी विनंती आहे की निमंत्रणपत्रिका छापताना गायकांच्या खाली ही नावे घ्यावीत. पत्रिकेचा खर्च त्याने वाढत नाही.

‘थ्रिलर’वरचा लेख लिहिणाऱ्या लेखकमहोदयांना एक निमंत्रण. त्यांनी सवडीने शहापुरात यावे. माझ्याकडे एक चांगला टेपरेकॉर्डर आणि त्याहून चांगले हेडफोन आहेत. ‘बिली जीन’मधला तारेचा बास आणि सिंथचा बास एकमेकांपासून वेगळे कसे ऐकायचे ते मी दाखवीन, आणि जमले तर त्या खानापूरच्या वादकालाही त्या दिवशी बोलावून घेईन. त्यांनी पुढचा लेख त्याच्यावर लिहावा.

येत्या गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या बातम्यांपासून वादकांची नावे छापायला सुरुवात करता आली तर फार बरे होईल. चिठ्ठ्या वेळेवर आपल्या कार्यालयात पोहोचतील, ती जबाबदारी माझी.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
पेटी व की-बोर्ड दुरुस्ती करणारा एक वाचक,
शहापूर, बेळगाव